अठ्ठेचाळीस अक्षरांची जमाबंदी

ज्या खेळात पराभवाची तरतूदच केलेली नाही असा खेळ मनुष्याच्या हाती दिला असता तो निश्चिंत मनाने खेळावयास बसेल आणि प्रसन्न चित्ताने उठेल, अशी एखाद्या भोळ्या तत्त्वचिंतकाची समजूत असणे शक्य आहे. परंतु मनुष्यस्वभावाशी ज्यांचा थोडाबहुत व्यवहार झालेला आहे त्यांस हे सांगावयास नको की, नियमांनी पराभव वगळला तर मनुष्य तो पदरमोड करून विकत आणतो आणि आणल्यावर चारचौघांपासून लपवून ठेवतो. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने मार्च २०२४ मध्ये प्रथम चाचणीदाखल सुरू केलेले 'स्ट्रँड्स' नावाचे शब्दशोधाचे दैनिक कोडे या सिद्धांताच्या पुष्ट्यर्थ हजर करण्यास मला मुळीच संकोच वाटत नाही. त्याच वृत्तपत्राच्या 'वर्डल'मध्ये सहा प्रयत्न संपले की दार बंद होते. 'कनेक्शन्स'मध्ये चार चुका भरल्या की निकाल जाहीर होतो. 'स्ट्रँड्स'मध्ये मात्र ना चुकांची मोजदाद, ना घड्याळाचा पहारा. सकाळी चहाबरोबर उघडावे, दुपारी पुन्हा पाहावे, रात्री निजताना पुरे करावे. कोणी विचारणार नाही. आणि तरीही आमच्या परिचयातील अनेक सुप्रतिष्ठित गृहस्थ, ज्यांनी आयुष्यात बदल्या, खातेनिहाय चौकश्या आणि मुलींची लग्ने धीरोदात्तपणे पार पाडली, ते या कोड्यापायी सकाळचा नाश्ता निमूटपणे आणि खाली मान घालून करताना मी पाहतो.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी त्याची थोडक्यात हकीकत देणे प्राप्त आहे. पटावर सहा स्तंभ आणि आठ ओळी अशी ४८ रोमन अक्षरे मांडलेली असतात. वर त्या दिवसाच्या विषयाचे एक सूचक वचन असते, जे बहुधा द्व्यर्थी आणि अनेकदा खट्याळ असते. त्या विषयाशी संबंधित शब्द पटात दडलेले असून ते अक्षराला अक्षर जोडत, आडवे, उभे, तिरपे, हवे तिथे वळत शोधावयाचे असतात. सापडलेला शब्द निळा होतो. यांपैकी एक शब्द, क्वचित शब्दयुग्म, संपूर्ण विषयाचे नाव धारण करणारा असतो आणि तो पटाच्या एका बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत पोहोचतो. त्याला 'स्पॅनग्रॅम' ही पदवी असून त्याचा पोशाख पिवळा असतो. शेवटी पटावरील प्रत्येक अक्षर कोणत्या ना कोणत्या शब्दाच्या मालकीचे ठरते, आणि एकही अक्षर दोन शब्दांच्या मालकीचे नसते. या शेवटच्या अटीवरच कोड्याचे सर्व राजकारण उभे आहे. परंतु तिच्याकडे येण्यापूर्वी इतिहासाला थोडा मान देणे योग्य होईल.

शब्दकोड्यांच्या बाबतीत या वृत्तपत्राची पूर्वपीठिका मोठी उद्बोधक आहे. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिले शब्दकोडे छापले आणि पुढील दहा वर्षांत त्या देशाला असा काही नाद लागला की १९२४ च्या नोव्हेंबरात 'टाइम्स'ने या छंदावर अग्रलेखातून ताशेरे ओढले व त्यात खर्ची पडणाऱ्या काळाची गणना जवळजवळ पापकर्मात केली. पापकर्माचा निषेध करणाऱ्याने त्यापासून दूर राहावे हे उत्तम. 'टाइम्स'ने तो संयम तब्बल सतरा वर्षे पाळला. पुढे पर्ल हार्बरवर हल्ला झाला, देश युद्धात उतरला, आणि दिव्याविना काढाव्या लागणाऱ्या रात्रींत वाचकांना काही विरंगुळा असावा हा विचार प्रबळ होऊन १५ फेब्रुवारी १९४२ च्या रविवारच्या अंकात मार्गारेट फॅरार यांच्या संपादकत्वाखाली त्याच पापाची विधिवत् प्रतिष्ठापना करण्यात आली. आज ते वृत्तपत्र बातम्यांइतकेच कोड्यांसाठी उघडले जाते, आणि जोश वॉर्डल यांनी आपल्या सहचारिणीसाठी रचलेला 'वर्डल' २०२२ च्या जानेवारीत याच संस्थेने दशलक्षांच्या घरातील डॉलर मोजून विकत घेतला. अग्रलेख लिहिणाऱ्यांनी आपले अग्रलेख जपून ठेवू नयेत, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

शब्दशोधाचे कोडे त्या मानाने धाकटे. १९६८ च्या मार्चमध्ये ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन या गावी नॉर्मन गिबॅट नावाच्या गृहस्थांनी आपल्या फुकट वाटल्या जाणाऱ्या जाहिरातपत्रात ते प्रसिद्ध केले आणि गावातील शाळामास्तरांनी त्याच्या प्रती मागून घेतल्या, यातच त्याचे पुढील भवितव्य ठरून गेले. वर्गात तासभर शांतता राखण्याचे याहून अहिंसक साधन शिक्षणशास्त्राला सापडलेले नाही. आपल्याकडे अक्षरांत अक्षरे दडविण्याची हौस यापेक्षा कितीतरी जुनी. भारवीने किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गात आणि माघाने शिशुपालवधाच्या एकोणिसाव्यात चौसष्ट घरांचे 'सर्वतोभद्र' बांधून ठेवले आहे, जे कोणत्याही दिशेने वाचले तरी तेच राहते. आणि बारामतीच्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणांत एक असेही केले की ज्यात ओठ ओठाला टेकवावे लागणारे एकही व्यंजन नाही. या महाकवींच्या हाती 'स्ट्रँड्स' दिला असता तर त्यांनी विषयवचन न वाचताच तो सोडविला असता आणि नंतर त्यावर टीका लिहिण्यासाठी मल्लिनाथाला बसविले असते. आपली गोष्ट वेगळी. आपण मल्लिनाथाच्या बाजूचे.

आता त्या पराभवाकडे वळतो, जो नियमांत नाही. कोडे रचणाऱ्यांनी दयाबुद्धीने अशी सोय ठेवली आहे की विषयाशी संबंध नसलेले, पण चार किंवा अधिक अक्षरांचे आणि कोशमान्य असे तीन शब्द सापडले की शोधकर्त्याला एक इशारा मिळतो. इशारा स्वीकारला की एका खऱ्या शब्दाची अक्षरे ठिपक्यांच्या वर्तुळांनी दाखविली जातात, क्रम मात्र सांगितला जात नाही. त्याउपरही बुद्धी हलली नाही तर आणखी तीन भरकटलेले शब्द भरून दुसरा इशारा घ्यावा, म्हणजे क्रमही दिसतो. जगातील कोणत्याही खात्यात चुकीचे काम करण्याबद्दल इतकी पद्धतशीर मदत मंजूर होत असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तीन निरर्थक अर्ज केल्यावर चौथ्या, खऱ्या अर्जाचा मसुदा कार्यालयानेच लिहून द्यावा, असा हा प्रकार. तो कृतज्ञतेने घ्यावा की नाही? परंतु कोडे पुरे झाल्यावर जो निकालपट इतरांना पाठविण्यासाठी तयार होतो त्यात प्रत्येक निळ्या शब्दाला निळा ठिपका, स्पॅनग्रॅमला पिवळा, आणि प्रत्येक इशाऱ्याला एक पेटलेला बल्ब असतो. त्या बल्बाने घात केला. ज्या दिव्याच्या चित्राने आजवर मनुष्याला एकाएकी सुचलेल्या युक्तीचा गौरव केला, तोच आता त्याला काहीच सुचले नाही याची साक्ष देत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहात जळत राहतो.

यास्तव या कोड्यावरील ज्यांना युक्त्या म्हणतात त्या सर्व, माझ्या मते, कोडे सोडविण्याच्या नसून बल्ब टाळण्याच्या आहेत. कोडे सोडविण्याला युक्ती कशाला हवी? इशारे घेत गेले की ते आपोआप सुटते. मनुष्याला ते सुटावयास नको असते, ते आपण सोडविले असे दिसावयास हवे असते. आणि या दोहोंमधील जे अंतर आहे तेवढ्यातच आमचे शेजारी शिरस्तेदार यांनी आपली सेवानिवृत्ती स्थापन केली आहे.

त्यांना सर्व वसाहत अद्याप 'शिरस्तेदार' म्हणूनच संबोधते आणि त्यांचीही त्यास हरकत दिसत नाही. महसूल खात्यात उभी हयात गेल्यामुळे पृथ्वीवरील यच्चयावत् वस्तू जमीन आहे किंवा जमिनीसंबंधीचे कागद आहे, असा त्यांचा द्वैतसिद्धांत आहे. त्यांच्या पुतणीने न्यू जर्सीहून हे कोडे त्यांच्या फोनवर आणून ठेवले तेव्हा त्यांनी पटाकडे क्षणभर पाहिले आणि पहिला प्रश्न केला तो असा : "यात पोटखराबा किती?" पोटखराबा म्हणजे गटातील लागवडीस अयोग्य असा हिस्सा, ज्यावर आकार बसत नाही. पुतणीने सांगितले की काका, एकही अक्षर वाया जात नाही. शिरस्तेदारांच्या मुद्रेवर जे समाधान पसरले ते मी त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या आदेशावेळीही पाहिले नव्हते. साध्या शब्दशोधात शब्द थोडे आणि भरताड अक्षरे फार. तिथे पोटखराब्याचाच सुकाळ. इथे अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस अक्षरे आकारास पात्र. त्यांच्या दृष्टीने त्या क्षणी कोडे निम्मे सुटले होते, आणि खरे सांगावयाचे तर त्यांचे म्हणणे गैर नव्हते.

त्यांची पद्धत अशी की शब्द प्रथम शोधावयाचेच नाहीत; प्रथम हद्दी पाहावयाच्या. पटाच्या चार कोपऱ्यांतील अक्षराला फक्त तीन शेजारी असतात, कडेच्या अक्षराला पाच, आणि आतल्या अक्षराला आठ. ज्याला शेजारी कमी त्याचे व्यवहार कमी, आणि ज्याचे व्यवहार कमी त्याची कागदपत्रे स्वच्छ. सबब चौकशी कोपऱ्यातून सुरू करावी. कोपऱ्यात 'क्यू' सापडला तर त्याच्या तीन शेजाऱ्यांत 'यू' आहे का ते पाहावे, आणि असला तर दोघांची नावे एकाच उताऱ्यावर लिहावीत. शिवाय पट मोठा दिसत असला तरी त्याची २४ अक्षरे कडेवर आणि २४ आत, म्हणजे निम्मे शिवार बांधालगत आहे, हे त्यांनी मला बोटांनी मोजून दाखविले. आणि ज्या माणसाला ही गोष्ट कळली तो मधल्या अक्षरांच्या गर्दीत, जिथे आठ दिशांना मोह आहेत, प्रथमच घुसण्याचा अविचार करीत नाही. मी स्वतः तो अविचार नित्य करतो. मध्ये गेल्याखेरीज मला आपण काही करीत आहोत असे वाटतच नाही.

दुसरे कलम तुकडेबंदीचे. कोड्यात चारांहून कमी अक्षरांचा शब्द ग्राह्य नाही, हे ऐकताच त्यांना १९४७ सालचा तुकडेबंदीचा कायदा आठवला, ज्याअन्वये प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा वेगळा काढता येत नाही, आणि त्यांनी त्यावरून जे निष्कर्ष काढले ते कोणत्याही तर्कशास्त्राच्या अध्यापकाला भूषणावह ठरावेत. एखादा शब्द लागला आणि त्यामुळे कोपऱ्यात सात अक्षरांचा कप्पा सुटा पडला, तर त्या सातांत दोन शब्द मावूच शकत नाहीत, कारण दोहोंस मिळून निदान आठ लागतील. अर्थात तो एकच सात अक्षरी शब्द असला पाहिजे, आणि आता फक्त क्रम लावणे उरले. कप्पा नऊ अक्षरांचा असेल तर तो एकसंध तरी आहे किंवा चार आणि पाच असा वाटलेला तरी. तिसरा पक्षकार संभवत नाही. आणि आपण कल्पिलेल्या शब्दाची वाट आखली असता एखादे अक्षर चहूबाजूंनी कोंडले जाऊन एकटे उरत असेल, तर शब्द कितीही आकर्षक असो, तो दावा फेटाळावा. या गावात बेवारस मालमत्ता नाही. हा शेवटचा नियम मी अनेकांना सांगून पाहिला आहे. ऐकताना सर्वांना तो पटतो, आणि पाळण्याच्या वेळी शब्दाचे सौंदर्य पाहून सर्वजण त्या एकट्या अक्षराकडे दुर्लक्ष करतात.

स्पॅनग्रॅमला शिरस्तेदार 'पाणंद' म्हणतात, कारण ती गावाच्या एका शिवेपासून समोरच्या शिवेपर्यंत जाते आणि तिच्यामुळे दोन्हीकडची शेते वेगळी ओळखू येतात. ती पहिल्याने सापडली तर बहुधा पटाचे दोन भाग पडतात आणि प्रत्येक भागाची मोजणी स्वतंत्रपणे करता येते. म्हणून पुष्कळ जाणते लोक प्रथम तिचाच शोध घ्या असे सांगतात. शिरस्तेदारांचे मत वेगळे आहे. ते म्हणतात, पाणंद शोधावयास निघालेला मनुष्य तिला सरळ समजतो, आणि या देशात काय किंवा त्या देशात काय, पाणंद सरळ कधीच नसते. ती कोणाचा तरी बांध वाचवीत वळलेली असते. आधी दोन किंवा तीन शेते निश्चित करावीत, म्हणजे उरलेल्या वाटेवरून पाणंद कुठून गेली असेल ते कळते. या मुद्द्यावर त्यांच्यात आणि माझ्यात मतभेद असून मी पाणंदवादी आहे. विषय काय तो कळल्याशिवाय शब्द शोधणे मला अर्जदाराचे नाव न वाचता अर्ज निकालात काढण्यासारखे वाटते; त्यावर ते म्हणाले की त्यांच्या खात्यात ती गोष्ट इतकी अशक्य मानली जात नसे.

विषयवचनाकडे ते साक्षीदाराचा जबाब म्हणून पाहतात, हे मात्र मला मान्य आहे. साक्षीदार खोटे बोलत नाही, पण सरळही बोलत नाही. त्याने वापरलेल्या शब्दाचा दुसरा अर्थ असतो आणि तोच खरा असतो. वचन एकदा वाचावे, बाजूला ठेवावे, एखादा शब्द सापडला की पुन्हा वाचावे, म्हणजे त्याचा जबाब पालटलेला आढळतो. अडचण एवढीच की हा साक्षीदार अमेरिकन आहे. त्या देशातील न्याहारीचे पदार्थ, तेथील सण, तेथील दूरदर्शनवरील जुन्या मालिका हे सर्व त्याला जन्मतः अवगत. आपल्याला ते पुतण्यांच्या छायाचित्रांवरून जेवढे कळले तेवढेच. एके दिवशी पटात 'बुल' आणि लगेच पुढे 'पेन' अशी अक्षरे एकामागोमाग एक सापडली तेव्हा शिरस्तेदारांनी आनंदाने जाहीर केले की आजचा विषय कोंडवाडा. मग त्यांनी मोकाट गुरे, दंड, पाटील आणि लिलाव यांच्या इंग्रजी प्रतिशब्दांसाठी पाऊण तास तो पट धुंडाळला. विषय बेसबॉलचा होता. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारे राखीव गडी जिथे अंग मोकळे करतात त्या जागेचे ते नाव आहे, ही माहिती त्यांना पुतणीकडून मिळाली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की मग त्या गड्यांना सोडवून नेण्यासाठी दंड कोण भरतो.

आता इशाऱ्याचेच अर्थशास्त्र घेऊ, कारण तेथे गंमत आहे. इशारा हवा असे एकदा मनाशी ठरले की भरकटलेले तीन शब्द शोधण्यासही कौशल्य लागते, आणि ज्या मनुष्याला खरा एकही शब्द सापडत नव्हता त्याला खोटे शब्द पाहता पाहता सापडू लागतात, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर नीतिशास्त्रज्ञांनी विचार करावयास हवा. इंग्रजीत या कामी सर्वांत सोयीची युक्ती अशी की चार अक्षरांची एखादी साखळी लागली की तीच उलट दिशेने ओढून पाहावी : 'स्टार'ची अक्षरे उलट घेतली की 'रॅट्स' होतात, 'पार्ट'ची घेतली की 'ट्रॅप', 'टाइम'ची घेतली की 'एमिट'. एकाच जमिनीवर दोनदा कर्ज उचलण्याचा हा प्रकार कोडे बिनतक्रार मान्य करते. आणि 'स्टार'च्या शेजारी 'ई' पडलेला असेल तर 'स्टेअर' हे तिसरे तारण तयार आहे. एवढ्या पाच अक्षरांत एक संपूर्ण इशारा मंजूर होतो. मराठीत हे कोडे रचले तर ही सवलत बंद पडेल अशी मला साधार भीती वाटते. आपल्या शब्दकोड्यात काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर ही सर्व एका चौकोनात राहतात, 'स्वातंत्र्य' हा एवढा मोठा शब्द तीन घरांत संपतो, आणि 'त्र्य'च्या शेजारून सहज जाता जाता चार घरांचा दुसरा एखादा शब्द लागेल ही आशा कोणी बाळगू नये. आपल्याकडे भरकटणेही श्रमसाध्य आहे.

इशारा घेणाऱ्यांच्या जाती पुष्कळ. काहीजण तो मिळवितात पण वापरीत नाहीत. इशाऱ्याची पेटी भरलेली आहे एवढ्यानेच त्यांना धीर येतो. काहीजण इशारा घेतात आणि अक्षरे दिसताक्षणी 'हा तर मला ठाऊकच होता' असे मोठ्याने म्हणतात, जणू पटालाच ते ऐकू जावे. एका बाईंनी, ज्या माझ्या आत्येबहीण लागतात आणि ज्यांचा निकाल वर्षानुवर्षे निष्कलंक निळा होता, दोन फोन बाळगले असल्याचे नंतर उघडकीस आले : एकावर यजमानांच्या नावाने बल्ब जळत, आणि दुसऱ्यावर त्या तेच उत्तर कोऱ्या पाटीवरून सोडवीत. यजमानांच्या बुद्धीविषयी समूहात जो गैरसमज पसरला तो अद्याप पुरता मावळलेला नाही. तिसरी एक जात, आणि ती सर्वांत मोठी, अशी की जी कोड्यातील इशारा अपमानास्पद समजते, पण अनेक वृत्तपत्रे व नियतकालिके या कोड्यावर जे दैनिक मार्गदर्शन छापतात ते वाचण्यात तिला काहीही गैर वाटत नाही. हे मार्गदर्शन मोठ्या मर्यादशील पायऱ्यांनी लिहिलेले असते. आरंभी विषयाचे निराळ्या शब्दांत निरूपण, नंतर एकदोन शब्दांची सुरुवातीची अक्षरे, पुढे पाणंद उभी आहे की आडवी, मग तिचे नाव, आणि सर्वांत शेवटी, वाचकाने अजून मागे फिरावे असा सज्जन इशारा देऊन, सर्व उत्तरे. मागे फिरलेला वाचक मी पाहिलेला नाही. आमच्या वेळी परीक्षेला गाइड वापरणारा विद्यार्थीही उत्तराआधीचे 'प्रथम स्वतः प्रयत्न करा' हे वाक्य इतक्याच आदराने ओलांडीत असे. आणि त्याची गुणपत्रिका इतरांप्रमाणेच स्वच्छ येई, कारण गाइडचा बल्ब कोठेही उमटत नाही.

वेळेचा एक प्रश्न मध्येच उपस्थित होतो. नवे कोडे ज्याच्या त्याच्या घड्याळातील मध्यरात्री उघडते. भारत न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे, आणि त्यांचा हिवाळा लागून घड्याळे बदलली की साडेदहा. त्यामुळे शिरस्तेदार पहाटे सहाला आपली मोजणी पुरी करून निकाल पाठवितात तेव्हा न्यू जर्सीत आदली रात्र चालू असते आणि तेथील मंडळींच्या हाती कालचाच पट असतो. अमेरिकन वृत्तपत्राचे अमेरिकन कोडे अमेरिकेच्या आधी आपल्या हाती लागावे, ही गोष्ट त्यांच्या मनाला इतकी भावली की प्रारंभीचे काही दिवस ते निकालाखाली 'तुम्हांला उद्या कळेल' असे लिहीत. पुतणीने त्यावर हरकत घेतली : "काका, विषय सांगू नका हं, आमचं अजून उघडलं नाही!" समूहात ठराव झाला की पूर्वेकडच्यांनी पश्चिमेची सकाळ होईपर्यंत ठिपक्यांखेरीज काहीही लिहू नये. तो ठराव शिरस्तेदारांनी मान्य केला. परंतु मेलबर्नमधील भाचा आपल्याही आधी उठून निकाल टाकतो हे कळल्यावर त्यांचा उत्साह थोडा ओसरला. पूर्वेलाही आपली पूर्व असते, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

बल्बांच्या बाबतीत मात्र ते स्पष्टवक्ते आहेत. इशारा ही भीक नसून तगाई, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी सरकारी उचल, आहे, ती सरकारने स्वखुशीने मंजूर केलेली आहे, आणि तिची नोंद ठेवली की शरमेचे कारण उरत नाही, असे ते म्हणतात. त्यांनी एक जाड वही केली असून तीत रोज दिनांक, विषय, पाणंद उभी की आडवी, मोजणीस लागलेला वेळ आणि उचललेली तगाई असे रकाने आहेत. शेवटचा रकाना 'शेरा' असून तो ते सर्वांत आवडीने भरतात. समूहात मासिक हिशेब होतो आणि ज्याचे बल्ब अधिक त्याने रविवारी सर्वांना दूरध्वनी करावा असा शिरस्ता आहे. गेल्या महिन्यात शिरस्तेदारांचे बल्ब सर्वांत अधिक भरले. त्यांनी दूरध्वनी केला नाही; त्याऐवजी समूहावर एक सविस्तर अर्ज दाखल केला की, ज्या दिवशी विषय बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल अथवा तेथील थँक्सगिव्हिंगच्या दिवशीचे पक्वान्न असा असेल त्या दिवसाची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांहून कमी धरण्यात यावी, तो दिवस टंचाईचा म्हणून घोषित व्हावा, आणि त्या दिवशी उचललेली तगाई संपूर्ण माफ करण्यात यावी. न्यू जर्सीहून उत्तर आले की माफीस तत्त्वतः हरकत नाही, पण आधी प्रत्येक दिवसाचा पंचनामा सादर व्हावा आणि पंच म्हणून घरातील व्यक्ती चालणार नाहीत. शिरस्तेदारांनी पंच म्हणून माझे नाव दिले आहे. मेलबर्नच्या भाच्याने, आपल्याला अशा विषयांबद्दल कधी कोणी सूट दिली नव्हती असे लिहून, उलट हरकत नोंदविली आहे. आणि प्रकरण सध्या पुतणीच्या टेबलावर आहे.